वॉचमनच्या एजन्सीला लायसन्स लागतं, मावशीच्या ब्युरोला नाही

आपल्या पडेगावात एखाद्या सोसायटीला एजन्सीमार्फत वॉचमन ठेवायचा असेल, तर त्या एजन्सीकडे सरकारी लायसन्स असावं लागतं. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. पाठवलेल्या माणसाची चारित्र्य पडताळणी झालेली पाहिजे, त्याला ठरलेलं प्रशिक्षण मिळालेलं पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. किती ठिकाणी पाळलं जातं तो वेगळा विषय, पण निदान बोट दाखवायला कागद तरी आहे.

आता त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीसाठी चोवीस तासांची बाई पाहिजे. कुणीतरी एक नंबर देतं, फोनवर रेट ठरतो, संध्याकाळी एक बाई पिशवी घेऊन दारात उभी. तिला पाठवणाऱ्या ब्युरोला या कामासाठीचं म्हणून कुठलंही लायसन्स लागत नाही. शॉप ॲक्ट काढला की धंदा सुरू. म्हणजे गेट उघडणाऱ्यासाठी कायदा आहे, आणि आईला कुशीवर वळवणारी, तिच्या गोळ्या सांभाळणारी, रात्री एकटी तिच्याजवळ असणारी जी आहे, तिच्यासाठी काही नाही.

हे मी अनुभवाने लिहितेय. आठ महिन्यांपूर्वी आईचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण वय ८१, ती काही परत नीट उभी राहिली नाही. डिस्चार्ज देताना सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. कोण बदलणार? तीन नातेवाइकांनी मला सुचवलं की नोकरी सोड. पुण्यातल्या माझ्या भावाला हे एकानेही सुचवलं नाही. असो.

मग ब्युरो. आठ महिन्यांत चार मावश्या झाल्या. पहिल्या स्वतःच साठीच्या, गुडघे धरून उठायच्या. दुसऱ्यांनी याआधी फक्त लहान बाळं सांभाळली होती, हे त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितलं, ब्युरोने नाही. तिसरी मुलगी जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स केलेली, चादर ओढून पेशंट कसा सरकवायचा ते तिने आम्हा सगळ्यांना शिकवलं. वीस दिवसांत ब्युरोने तिला दुसरीकडे हलवलं, तिथे जास्त पैसे मिळत होते म्हणे. चौथ्या मावशी कन्नडकडच्या. त्या टिकल्या.

आम्ही ब्युरोला महिन्याला १८,००० देतो. मावशींच्या हातात १२,५०० पडतात, हे मला तीन महिन्यांनी त्यांच्याकडूनच कळलं. मधले साडेपाच हजार दर महिन्याला कशाचे? बदली बाई नाही, प्रशिक्षण नाही, विमा नाही. करार मागितला तर ब्युरोवाले म्हणाले, "ताई, हे काम विश्वासावर चालतं." माझ्याकडून एक महिन्याचं डिपॉझिट मात्र त्यांनी विश्वासावर सोडलं नव्हतं.

ब्युरोला शिव्या घालून विषय संपत नाही, कारण अर्धी गोष्ट आपल्याच घरात आहे. आपण म्हणतो, "मावशी आमच्या घरच्यासारख्याच." घरच्यासारख्या म्हणजे काय? तर सुट्टी मागायची नाही, झोप कपाट आणि पलंगाच्या मधल्या सतरंजीवर, आणि रात्री तीन वेळा हाक आली तरी सकाळी सहाला चहा. महालक्ष्म्यांना गावी जायचं म्हटलं की आपले चेहरे उतरतात. "चोवीस तासांची बाई" हा शब्द आपण किती सहज वापरतो! कुठलं माणूस चोवीस तास जागं राहतं? चार रात्री झोप न झालेली बाई बीपीची गोळी दोनदा देणार, नाहीतर बाथरूममध्ये तिचा हात सुटणार. मावशींच्या झोपेचा प्रश्न हा आईच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, मला तरी हे दोन वेगळे करता येत नाहीत.

कॅमेऱ्याबद्दल बरेच जण विचारतात. हॉलमध्ये लावा हवा तर. पण जिथे आईला पुसून घेतात, कपडे बदलतात, तिथे लावून ते चित्र पुण्यात बसून बघायचं? माझ्या आईला ते आवडणार नाही, बोलता येत असतं तर तिने सांगितलं असतं असे किती तरी आईवडील असतील. आणि कॅमेरा पडलेलं माणूस दाखवतो, पडताना धरत नाही. धोका एकाच बाजूने असतो असंही नाही. घरात एकटे आजोबा आणि एकटी मावशी, हात "चुकून" लागतो, बाई गप्प बसते, कारण काम जाईल. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलंय आणि तक्रारीसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती आहे. पण किती मावश्यांना हे माहीत आहे?

आता कायद्याचं. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ चा. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१० मध्ये केले. पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची, भेट द्यायची, आणि ज्येष्ठांनी विनंती केली तर घरात काम करणाऱ्यांची पडताळणी तत्परतेने करायची, हे त्या नियमांत आहे. हक्काने मागा. फक्त पडताळणीतून गुन्हा आहे की नाही एवढंच कळतं, कूस बदलता येते की नाही ते कळत नाही.

हे कळण्याची सोय होणार होती. डिसेंबर २०१९ मध्ये याच कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची सक्तीची नोंदणी आणि प्रशिक्षित, प्रमाणित मदतनीस, अशी तरतूद त्यात होती. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, अहवाल आला, २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं. त्यावर कुठे मोर्चा नाही, बातमी नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा असं केंद्राला सांगितलं. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, पण तिथे नोंदणी कामगाराने करायची, ब्युरोला कुणी विचारत नाही. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कवच मिळालं, चांगलंच झालं, पण ते हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असेपर्यंत. खरी सेवा घरी आल्यावर सुरू होते.

"नोंदणी आली की रेट वाढतील" असं म्हणणारे आहेत. थोडे वाढतीलही. पण माझं म्हणणं, मधले साडेपाच हजार कशाचे ते आधी कागदावर येऊ द्या, मग बोलू. आणि खरं सांगायचं तर वाळूजच्या कंपनीत कंत्राटावर असलेल्याला आजचे १८,००० सुद्धा झेपत नाहीत. त्याच्या घरी सूनच मावशी असते, फुकट. त्या घरांसाठी सरकारी आरोग्य कर्मचाऱ्याने घरी येणं हाच उपाय, आणि ज्येष्ठांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१०-११ पासून अंथरुणावरच्यांना घरी भेट द्यायचं लिहिलेलंच आहे. तुमच्या गल्लीत कुणी येतं का, बघा.

आम्ही घरापुरतं एक केलं. साध्या कागदावर लिहिलं: पगार, महिन्याला चार सुट्ट्या, रात्री अकरा ते पाच मावशींची झोप, मधल्या दोन वेळा कूस बदलायला मी किंवा नवरा उठणार. एक वही ठेवली, गोळी दिली की वेळ आणि खूण. मावशींना अक्षर फार येत नाही, त्या टिकली लावतात, चालतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा आंघोळीचे वारसुद्धा त्याच वहीत ठरवले. सुट्टीच्या दिवशी भाऊ येतो. आता येतो.

खासदारांना आणि कामगार विभागाला द्यायचं पत्र मी तयार केलंय. मागणी दोनच, ब्युरोची सक्तीची नोंदणी आणि तिघांच्या सहीचा लेखी करार: घर, ब्युरो, मावशी. ज्यांच्याकडे ब्युरोची पावती किंवा काहीही लिहिलेलं असेल त्यांनी नावं झाकून मला फोटो पाठवा, पत्राला जोडते. आणि सही घेताना मावशींचीही घ्या.