नायक संमती विचारतो, संस्थेचे काय?

बर्फावरच्या हॉकीतले खेळाडू नायक असलेल्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या बायका आवडीने वाचतात. मैत्रिणींनो, या वाचनाला हसू नये. एल केनेडीच्या 'द डील'ची (२०१५) नायिका बलात्कारातून सावरते आहे. मैदानातला धसमुसळा नायक तिच्या कलाने घेतो. हे सुख मागण्यात गैर काय?

पण मैदानाबाहेरचे वास्तव? मुलांच्या नोंदणी शुल्कातून जमलेल्या निधीतून 'हॉकी कॅनडा'ने लैंगिक अत्याचाराचे दावे मिटवल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. प्रायोजकांनी हात आखडते घेतल्यावर, ऑक्टोबरात संचालक मंडळ पायउतार झाले.

चांगला पुरुष भेटणे हे नशीब. संमती पाळली जाणे हा हक्क. कादंबऱ्या खुशाल वाचूया, हिशोब मात्र संस्थांकडे मागूया.