डायनासोर आपलेही होते!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बऱ्हाणपूरला, राजपुऱ्यातल्या घरी, टीव्हीवर ‘जुरासिक वर्ल्ड : फॉलन किंग्डम’ हा २०१८ सालचा चित्रपट हिंदीत लागला होता. आमच्याकडे घरात मराठी आणि ओटा उतरला की हिंदी. त्यामुळे भाषेची अडचण कुणालाच नव्हती. ज्वालामुखी फुटतो, बेट जळू लागते, माणसे डायनासोरांना जहाजात कोंबून आणतात आणि एका हवेलीच्या तळघरात त्यांचा लिलाव मांडतात. जाहिराती लागल्या तेव्हा धाकट्या चुलतभावाने विचारले, “दादा, आपल्याकडे नव्हते का रे डायनासोर?” मी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकले, “छे! ते सगळे अमेरिकेत.”

पुढे वाचनालयात चाळताना कळले की माझे उत्तर साफ चूक होते. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनला १८२८ मध्ये जबलपूरला प्रचंड हाडे सापडली होती. १८७७ मध्ये लायडेकरने त्या प्राण्याचे नाव ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ठेवले. गुजरातेत रहिओलीला सापडलेल्या मांसाहारी डायनासोरचे २००३ मध्ये बारसे झाले, ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’. साक्षात आपली नर्मदा! २०२३ च्या जानेवारीत तर धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची माहिती प्रसिद्ध झाली. आणि ज्वालामुखी? असीरगडाचा काळा दगड आणि आमच्या कपाशीची काळी माती ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचीच देणगी.

असले चित्रपट म्हणजे पैशांची उधळपट्टी, असे काही वडीलधारे म्हणतात. मला तसे वाटत नाही. त्या मुलाला प्रश्न पडला तो चित्रपटामुळेच. दोष उत्तर देणाऱ्याचा होता.

आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना किंमत आणि मूल्य यांतला फरक शिकवतात. चित्रपटातले धनिक बोली लावतात तेव्हा आपण त्यांना नावे ठेवतो. पण धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावच्या लोकांनी काय केले पाहा. शेतात सापडलेले गोल दगड त्यांनी ‘काकड भैरव’ म्हणून पुजले. ती डायनासोरची अंडी असल्याचे तज्ज्ञांनी २०२३ मध्ये सांगितले. ती काय आहेत हे गावकऱ्यांना ठाऊक नव्हते, तरी त्यांनी ती जपली. मला परदेशी डायनासोरांची नावे तोंडपाठ होती, आणि आपले डायनासोर मी एका शब्दात नाहीसे केले. अडाणी कोण?

म्हणून मित्रांनो, माझे म्हणणे एवढेच. मांडवगडापर्यंत जाणाऱ्या शाळेच्या सहली पुढे बाघपर्यंत न्याव्यात. आपल्यापैकी जे मराठीत लिहितात त्यांनी मराठीत, आणि कन्नड विभागातल्या मित्रांनी कन्नडमध्ये, लहान मुलांसाठी या विषयावर लिहावे. परीक्षा संपल्यावर मी भावाला बाघला नेणार आहे. चुकीचे उत्तर दुरुस्त करायचे, तर एवढे भाडे भरायलाच हवे.

— द्वितीय वर्ष, वाणिज्य