चर्चच्या भिंतीला खिळा नको

जुने चर्च चित्रीकरणाची जागा होते तेव्हा पहिला प्रश्न छपराचा असतो. वसई किल्ल्यातील बहुतेक पोर्तुगीज चर्चची छपरे कधीच गेली. भिंती आणि कमानी तेवढ्या उभ्या आहेत. वरून थेट ऊन उतरते, म्हणून कॅमेऱ्याला हे अवशेष मानवतात. ‘प्यार तूने क्या किया’ (२००१) या चित्रपटाचे आणि कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या २०१६ च्या गाण्याचे काही चित्रीकरण या किल्ल्यातच झाले. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने १९५९ च्या नियमांनुसार परवाना लागतो. संरक्षित स्मारकाच्या छपराखालच्या भागात तर शिक्षण किंवा वास्तूची प्रसिद्धी एवढ्यासाठीच चित्रीकरण करू देतात.

नागपुरात सदरमधील ऑल सेंट्स कॅथेड्रलची गोष्ट वेगळी. तिथे छप्पर शाबूत आहे आणि उपासना चालू आहे. अशा चर्चमध्ये आधी धर्मप्रांताची संमती हवी. पटकथेतला तिथे चित्रित होणारा प्रसंगही त्यांना वाचायला देणे रास्त. त्यानंतर वारसा समितीचा अभिप्राय घ्यावा.

खरे नुकसान बहुतेक वेळा किरकोळ वाटणाऱ्या कामांतून होते. केबल बसवायला लावलेली चिकटपट्टी ओढून काढली की तिच्या पाठीला चुन्याचे पापुद्रे येतात. भिंतीवर उरलेला पांढुरका चट्टा घाईने सिमेंटने लिंपला तर आतली ओल कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यात शेजारचा गिलावाही सुटतो. दुरुस्ती चुन्यानेच व्हावी. धुराच्या यंत्राचा तेलकट थर सच्छिद्र चुना शोषून घेतो. तो पुसून निघत नाही. रंगीत काचांजवळ तापणारे दिवे ठेवले तर काचा धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्या ढिल्या होतात. म्हणून दिवे काचांच्या बाहेर, अंतर राखून लावावेत.

सेट भिंतीला न टेकता स्वतःच्या चौकटीवर उभा राहिला पाहिजे; त्याला वजन द्यायला वाळूच्या पिशव्या पुरतात. ट्रॉलीच्या रुळांखाली आधी जाड कापड, त्यावर प्लायवूड घालावे. जनरेटर आवाराबाहेरच राहू द्यावा.

बाके हलवण्याआधी प्रत्येक रांगेचे छायाचित्र काढावे, फरशीवर खडूने खूण करावी. वेळापत्रकात शनिवारची दुपार आवराआवरीसाठी मोकळी हवी. रविवारी सकाळी उपासनेला येणाऱ्यांना बाके जागच्या जागी मिळायला हवीत.