तेव्हाच ओळखले होते म्हणे!

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली आणि टीव्हीवर एखादा विनोदी नट दिसला, की चिवड्याची बशी गुडघ्यावर सावरीत एक तरी गृहस्थ हमखास सांगू लागतात, "अहो, हा ना? याला काळे कुत्रे विचारीत नव्हते तेव्हापासून मी ओळखतो! आमच्या आळीच्या गणपतीत नकला करून गेला होता. मी तेव्हाच म्हटले, पोरगा नाव काढणार!" मंडळी कौतुकाने माना डोलवतात. वहिनी त्यांच्या बशीत आणखी दोन चकल्या वाढतात.

या गृहस्थांवर माझा राग आहे. रागाचे पहिले कारण, ते खोटे बोलतात. दुसरे कारण जरा घरचे आहे. ते पुढे येईलच.

साधा हिशेब करा. "मी तेव्हाच ओळखले होते" म्हणणाऱ्या प्रत्येकाने तेव्हाच एकेक तिकीट काढले असते, तर महाराष्ट्रातल्या एकाही नकलाकारावर उपाशी झोपण्याची पाळी आली नसती. निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत होते. त्या बागेच्या कडेने रोज किती विद्वान गेले असतील! झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाकडे वळून कोणी पाहिले? लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करीत होते, म्हणजे नाटकाच्या अगदी घरातच. तरीही त्यांचे नाव सर्वतोमुखी व्हायला १९८३ सालचे 'टुरटुर' यावे लागले. दादा कोंडके 'अपना बाजार'मध्ये नोकरीला होते आणि सेवादलाच्या कलापथकात राबत होते. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली रंगभूमीवर आले तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. त्यांच्याकडून किराणा घेतल्याच्या आठवणी आता जितके लोक सांगतात, तितक्यांना सामावून घ्यायला ते दुकान फोर्टाएवढे असायला हवे होते.

राम नगरकरांनी मात्र या मंडळींवर चांगलीच मात केली. न्हाव्याच्या घरात वाढलेल्या या नटाने आपली कहाणी 'रामनगरी' म्हणून स्वतःच लिहिली आणि रंगमंचावर उभे राहून स्वतःच सांगितली. दुसऱ्याने आठवण काढण्याची वाटच पाहिली नाही. शहाणा माणूस!

खरे ओळखणे कसे असते, हे मुंबईच्या बसमध्ये घडले. बदरुद्दीन काझी नावाचा कंडक्टर तिकिटे देता देता उतारूंना हसवीत असे. हसले शेकडो. बलराज साहनी तेव्हा 'बाजी'ची पटकथा लिहीत होते. त्यांनी त्याला गाठले आणि गुरुदत्तपुढे नेऊन उभे केले. १९५१ साली चित्र आले आणि कंडक्टरचा जॉनी वॉकर झाला. बाकीचे उतारू आपापल्या थांब्यावर उतरून गेले. पुढे त्यांतल्या प्रत्येकाने नातवंडांना काय सांगितले असेल, ते तुम्हीच ताडा.

आम्हा नाशिककरांना तर या विषयावर बोलण्याचा अधिकारच नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली ती याच नाशकात. ज्यांनी देशाला पडदा दिला, ते गृहस्थ १६ फेब्रुवारी १९४४ रोजी आमच्याच गावात वारले, आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार निघाला १९६९ साली. मधली पंचवीस वर्षे मोजा. आता पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, आणि पाहुण्यांना तेथे नेताना आमची छाती फुगते.

आता घरचे कारण.

१९७९ साल. जुन्या नाशकातल्या आमच्या गणेश मंडळाचा मी खजिनदार होतो. तिसऱ्या दिवशी मुंबईहून दोन पोरे एस.टी.ने आली. नकला आणि विनोदी प्रवेश. बिदागी दीडशे रुपये ठरलेली. संध्याकाळी पावसाने झोडपले. मांडवात जेमतेम चाळीस माणसे, तीही अर्धी पावसाला चुकवायला आलेली.

एक पोरगा ठेंगणा, तोंडाळ, आत्मविश्वासाचा. दुसरा किडकिडीत. या दुसऱ्याने रेशनच्या दुकानापुढली घासलेटची रांग एकट्याने उभी केली. मापात मारणारा दुकानदार तो, डबा विसरलेला मास्तर तो, आणि "माझा नंबर होता रे बाबा" म्हणत पुढे घुसणारी म्हातारीही तोच. दुकानदार घासलेटचे माप ओततो आणि ते संपता संपता म्हातारीचा चेहरा कसा होतो, हे त्याने एक शब्दही न बोलता दाखविले. माझी आई मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. त्याच वर्षी चैत्रात वडील गेले होते. तेव्हापासून तिला हसताना मी पाहिले नव्हते. ती पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईतो हसली.

कार्यक्रम संपला. आदल्या दिवशीच्या गवयाला अध्यक्षांच्या घरी पाटावर बसवून पुरणपोळी वाढली होती. या दोघांना कागदात पोहे दिले आणि मांडवामागे सतरंजी. पैसे देताना मी शंभर मोजले. तोंडाळ म्हणाला, "साहेब, दीडशे ठरले होते." मी पावसाकडे बोट दाखविले आणि वर म्हणालो, "नाव झाल्यावर दीडशे मागा." किडकिडीत काहीच बोलला नाही. त्याने फक्त शंभराच्या नोटेऐवजी दहा-दहाच्या मागितल्या, दोघांत वाटायला सोप्या जातील म्हणून.

पुढे तोंडाळाचे नाव झाले. फार झाले. ते मी येथे लिहीत नाही. लिहिले तर मलाही चकल्या वाढाव्या लागतील. पण कबूल करतो, वीस वर्षे मी त्या चकल्या खाल्ल्या आहेत. "याला पहिली संधी आम्ही दिली," असे फराळाला सांगत आलो. पन्नास रुपये कापल्याचे कधी सांगितले नाही. आई ऐकत असली तर विषय बदलीत असे.

आणि दुसरा? त्याच्याबद्दल मला कोणी कधी विचारले नाही. मलाही त्याचे नाव आठवत नाही. जुनी वही शोधून काढली. तिच्यात माझ्याच अक्षरात आहे: 'नकलाकार, इसम २, रु. १००.' आईला हसविणारा त्या दोघांतला हा. "खरा गुण कोठेही झाकला जात नाही" असे म्हणणाऱ्यांनी ही वही पाहायला माझ्याकडे यावे. झाकले जातात, आणि झाकणारे कोणी राक्षस नसतात, माझ्यासारखे खजिनदार असतात. प्रसिद्धीपूर्वीच्या आठवणी ज्यांना प्रसिद्धी मिळाली त्यांच्याच निघतात, म्हणून हे खाते कधी उघडत नाही इतकेच.

यंदा आमच्या सोसायटीत दिवाळीनिमित्त कार्यक्रम ठरला. समोरच्या इमारतीतली एक मुलगी नकला करणार होती. सभेत मानधनाचा प्रश्न निघताच चिटणीस म्हणाले, "मानधन कशाला? तिला व्यासपीठ मिळते आहे की! शाल-श्रीफळ देऊ." मी उठून विचारले, मांडववाल्याला व्यासपीठ मिळत नाही का? ध्वनिक्षेपकवाल्याला? आचाऱ्याला नारळ देऊन पाहा, तो कढई उलटी करतो की नाही! बराच आरडाओरडा झाला. कोणी म्हणाले, म्हाताऱ्याला आजच काय झाले. शेवटी मी खिशातून दोन हजार काढून टेबलावर ठेवले आणि म्हणालो, यातले पन्नास रुपये १९७९ चे आहेत, बाकीचे व्याज समजा. त्यावर चिटणिसांनी पावती कोणत्या नावाने फाडायची असे विचारले.

मला नाव सांगता येईना.