पैसे भरण्यापूर्वीं

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एक प्रसंग घडला, तो आज वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें. प्रसंग आमच्या चुकीचा आहे. परंतु तीच चूक पुष्कळ सुशिक्षित घरांतून होत असावी, अशी आमची खात्री होत चालली आहे.

आमच्याकडे पोळ्या करण्यास ज्या बाई येतात, त्यांना घरांतलीं लहानमोठीं सारीं माणसें मावशी म्हणतात. त्यांच्या येण्याला आतां अकरा वर्षें होतील. एके दिवशीं सकाळीं त्या वेळेवर आल्या नाहींत. दहाच्या सुमारास आल्या त्या उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. "वहिनी, मालकांच्या छातीत काल रात्री कळ आली. औषधानं थांबली, पण उद्या नळी बसवायची म्हणतात. आज साठ हजार भरायला सांगितलेत," एवढेंच बोलून त्या गप्प झाल्या.

आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरल्या भावांनीं कांहीं दिले, धाकट्यांनीं कांहीं दिले, आजींनीं आपल्या पेटींतले काढून दिले, आणि अर्ध्या तासांत वीस हजार रुपये मावशींच्या हातीं पडले. उरलेले त्यांनीं वस्तींतल्या एका सावकाराकडून व्याजानें उचलले, हें आम्हांस मागाहून कळलें. त्या दिवशीं पानावर बसतांना आम्हां सर्वांच्या मनाला एक प्रकारचें समाधान होतें. अडचणीच्या वेळीं आपण उपयोगी पडलों, असें जो तो मनांत म्हणत होता.

चार दिवसांनीं आमची पुतणी वसतिगृहांतून सुटीस घरीं आली. सारी हकीकत ऐकून तिनें एकच प्रश्न विचारला, "पण मावशींचं रेशनकार्ड कुठल्या रंगाचं आहे?" कोणासच उत्तर देतां येईना. कार्ड केशरी होतें. नळी बसविण्याची ती शस्त्रक्रिया राज्य सरकारच्या आरोग्य योजनेंत मोडत होती. मावशींच्या यजमानांना ज्या दवाखान्यांत ठेवलें होतें त्याचें नांव योजनेच्या यादींत नव्हतें. पण यादींतलें एक रुग्णालय तेथून फार दूर नव्हतें, आणि चौकशी करावयास एक अख्खा दिवस हातांत होता. या योजनेंत रुग्णाच्या हातीं रोख पैसे पडत नाहींत. उपचार बिनपैशानें होतो आणि रुग्णालयाचें देणें परस्पर चुकविलें जातें. त्यामुळें बाहेर भरलेली रक्कम मागाहून मिळण्याची सोय नाहीं. आम्हीं वीस हजार रुपये दिले. परंतु विचारावयाचा एक प्रश्न विचारला नाहीं.

ही योजना कांहीं कालपरवांची नव्हे. १९९७ सालीं महाराष्ट्र सरकारनें गरीब रुग्णांच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठीं जीवनदायी योजना सुरू केली होती. तिच्या जागीं २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. ती प्रथम गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड आणि मुंबईचे दोन अशा ८ जिल्ह्यांत होती, व २१ नोव्हेंबर २०१३ पासून सबंध राज्यांत लागू झाली. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव दिलें गेलें, आणि १ एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेशीं ती जोडली गेली. पूर्वीं एका कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयानें ही मर्यादा ५ लाख केली आणि उपचारांची संख्या १,३५६ वर नेली. ही रक्कम साऱ्या कुटुंबाची मिळून आहे. तीं माणसें ती एकट्यासाठीं खर्चोत वा चौघांसाठीं. दुखणें जुनें असलें तरी त्याला नकार नाहीं.

आतां तिचा उपयोग करावयाचा कसा, तें सांगतों. यादींतल्या प्रत्येक रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' या नांवाचा एक कर्मचारी नेमलेला असतो. रुग्णाला आंत नेतांच, पैशाच्या खिडकीकडे जाण्यापूर्वीं, त्याच्या टेबलाशीं जावें. शिधापत्रिका आणि आधार कार्ड अथवा छायाचित्र असलेलें दुसरें ओळखपत्र बरोबर असावें. आयुष्मान कार्ड आधींच काढून ठेवलें असेल तर काम अधिक सुलभ होतें. तो नांवनोंदणी करतो. मग रुग्णालय उपचारासाठीं पूर्वमंजुरी मागतें, आणि ती आली म्हणजे उपचार सुरू होतो. जिवावरचें दुखणें असेल तर मंजुरी दूरध्वनीवरून घेतां येते व कागद मागाहून सादर करतां येतात. खाट, तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधें आणि रुग्णाचें जेवण हें सारें त्या मंजूर रकमेंत धरलेलें असतें. कोणतें रुग्णालय यादींत आहे, आणि तेथें हव्या त्या रोगावर उपचार होतो कीं नाहीं, हें १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर विनामूल्य विचारतां येतें. पैसे मागितले गेले तर तक्रारही तेथेंच करावी.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. छातींत कळ आली, रक्त थांबेना, शुद्ध हरपली, अशा वेळीं यादी शोधीत बसणें घातक होय. प्रथम जो दवाखाना जवळ असेल तेथें जावें. जीव ठिकाणावर आला कीं मग विचारावें. मावशींच्या यजमानांची कळ रात्रींच थांबली होती, म्हणून आमची चूक आम्हांस अधिक डाचते.

योजनेंत उणिवा नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. साधा ताप-खोकला, रोजचीं औषधें, वरचेवरच्या तपासण्या यांचा भार तिच्यावर टाकतां येत नाहीं. आणि गरीब घरांचा बराचसा पैसा तर अशाच किरकोळ दुखण्यांत जातो. प्रत्येक रुग्णालय यादींत नाहीं, आणि यादींतल्या प्रत्येकांत प्रत्येक रोगाची सोय नाहीं. परंतु या उणिवांपेक्षां मोठी अडचण निराळीच आहे, असें आम्हांस चौकशीअंतीं दिसून आलें. कार्डावर नांव एक आणि आधारवर दुसरें. लग्न होऊन आलेल्या सुनेचें नांव अजून माहेरच्याच कार्डावर. नव्या नातवाचें नांव कोठेंच नाहीं. दुखणें आल्यावर अशा एका अक्षरासाठीं माणसें या खिडकीवरून त्या खिडकीवर हिंडतात, आणि शेवटीं थकून सावकाराकडे जातात.

अक्षरांची ही अडचण दूर करणें आपल्यासारख्या घरांना कांहीं कठीण नाहीं. आपण आयकराचीं पत्रकें भरतों, मुलांच्या परदेशच्या प्रवेशाचे अर्ज भरतों, विम्याच्या कागदावरचीं बारीक अक्षरें भिंग लावून वाचतों. मात्र जीं माणसें आपल्या घरांत रोज राबतात, त्यांचें एक कार्ड वाचावयास आपणांस सवड होत नाहीं. पैसे देणें सोपें असतें. ते दिले कीं आपण मोकळे होतों. कोणाच्या बरोबर जाऊन टेबलापुढें उभें राहणें, हें त्याहून अवघड आहे.

ज्यांचें नांव या योजनेस आहे त्यांच्या घरचें या बाबतींतलें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. पुण्यांत प्लेगची साथ आली तेव्हां सावित्रीबाई फुले रोग्यांना आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत पोंचवीत. आणि त्या शुश्रूषेंतच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. रोग्याला दवाखान्याच्या दारापर्यंत नेणें हेंही औषधच आहे, हें त्यांनीं करून दाखविलें.

आपल्या घरापुरतेंही दोन शब्द सांगतों. १ जुलै २०२४ पासून ही योजना पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांसही खुली झाली आहे. आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षें व त्यावरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कांहींही असो, केंद्राच्या योजनेंत स्थान मिळालें आहे. हें ऐकून आमचे आजोबा प्रथम रागावले. "गरिबांच्या ताटातलं मला नको," असें ते म्हणाले. वयाचा हा हक्क निराळा आहे, असें पुतणीनें त्यांस समजाविलें. कार्ड काढावें कीं नाहीं, याचा त्यांचा निर्णय अजून झालेला नाहीं, आणि त्यांच्यावर कोणी जुलूमही करीत नाहीं.

पण त्यांनीं एक काम आपण होऊन पत्करलें. पुढच्या रविवारीं दुपारीं त्यांनीं मावशींना कार्ड घेऊन बोलावलें, चष्मा लावला आणि एकेक नांव मोठ्यानें वाचलें. मावशींच्या धाकट्या मुलीच्या नांवांत एक अक्षर चुकलेलें निघालें. "पोरीचं नाव असं नाही हो, आजोबा," मावशी म्हणाल्या. दुरुस्तीचा अर्ज आजोबांनीं स्वतःच्या हातानें लिहिला, आणि तो द्यावयास पुतणी मावशींच्या बरोबर गेली. आतां तें कार्ड बरोबर आहे. सावकाराचें देणें मात्र अजून फिटलेलें नाहीं. त्यांतला आमचा वांटा किती, हें आम्हीं घरांत बसून ठरविलें आहे आणि दरमहा तो जातो आहे.

वाचकांस विनंती इतकीच, कीं येत्या रविवारीं आपल्या घरीं जे कोणी कामास येतात, त्यांच्या कार्डाची आपुलकीनें विचारपूस करावी. दुखणें सांगून येत नाहीं. कार्ड मात्र आधीं पाहून ठेवतां येतें.