आधी अपडेटोबा, मग खेळोबा

गेल्या शनिवारी सकाळी साडेअकराला आमच्या घरी नवाकोरा गेमिंग कन्सोल आला. त्यावरचा पहिला गेम सुरू झाला रविवारी दुपारी पाऊण वाजता. म्हणजे सव्वापंचवीस तास! ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला होता, तो माझा नऊ वर्षांचा भाचा तोपर्यंत स्वारगेटवरून साताऱ्याच्या एसटीत बसून निघूनही गेला होता. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरी काही संपली नाही, म्हणून आज इथे लिहून मोकळा होतोय.

कंपनीचं आणि गेमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नाव लिहिलं की चर्चा "हा भारी की तो भारी" ह्यावर घसरते. आणि माझं म्हणणं थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू आहे.

तर झालं असं. भाचेबुवा उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन दिवस आले होते. सोमवारपासून त्यांचं पोहण्याचं शिबिर, त्यामुळे रविवारी परत जाणं पक्कं. खोका आला तेव्हा स्वारी अक्षरशः दारातच उभी होती. खोका उघडला, थर्माकोल बाजूला सारलं, आणि बाराच्या आत जोडणी संपली सुद्धा. खरं सांगतो, ह्या भागात नावं ठेवायला जागा नाही. एक पॉवर केबल, एक एचडीएमआय केबल, बस्स. डोकं लावायचं ते फक्त तीन ठिकाणी. एक, कन्सोल शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवायचा नाही, कारण त्याचा पंखा गरम हवा बाहेर फेकतो आणि तिला जायला वाट लागते. दोन, टीव्हीचे सगळे एचडीएमआय पोर्ट सारखे नसतात, सेकंदाला १२० चित्रं घेणारे एखाद-दोनच असतात. आणि तीन, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करायचा. नाहीतर टीव्ही आधी चित्र गुळगुळीत करत बसतो आणि तुम्ही बटण दाबल्यावर पडद्यावरचा माणूस जरा विचार करून उडी मारतो.

इथपर्यंत मामा हीरो होता. मग पडद्यावर आलं, वाय-फायला जोडा. जोडलं. मग कन्सोलचा अपडेट. मग कंट्रोलरचा अपडेट. (हो, हातात धरायच्या त्या वस्तूलासुद्धा अपडेट असतो.) सव्वा वाजला. मग खातं उघडा. भाचा लहान, म्हणून त्याचं खातं एका मोठ्या माणसाच्या खात्याखाली. म्हणून आधी माझं खातं. ईमेल, जन्मतारीख, ओटीपी, आणि एक मोठं अक्षर, एक आकडा नि एक चिन्ह असलेला पासवर्ड, जो कंट्रोलरने एकेक अक्षर शोधत टाईप करायचा. मग करारनामे. मी न वाचता "मान्य" दाबत होतो आणि भाचा विचारत होता, "मामा, तू वाचलंस का?" काय सांगणार!

दोन वाजता आमरस-पुरी. नंतर डिस्क आत घातली. तर गेम लगेच सुरू होत नाहीच, आधी डिस्कवरचा माल आतल्या स्टोरेजवर उतरतो, कारण फिरत्या डिस्कवरून वाचायला आजच्या गेम्सना परवडत नाही. ते झालं साडेतीनला. आणि मग पडद्यावर अवतरला खरा अपडेटोबा. ५८ जीबी! गेमची डिस्क हातात आहे, पैसे मोजलेले आहेत, आणि वर आणखी ५८ जीबी.

मी लगेच हिशोब केला. आमचं नेट ४० एमबीपीएस. आठाने गुणा, चाळीसाने भागा, साधारण सव्वातीन तास. "सात वाजता सुरू," मी जाहीर करून टाकलं. चार वाजता वळवाचा पाऊस आला आणि दिवे गेले. ते साडेसातला आले. नेट आलं नऊला, आणि तेही कसंबसं सात एमबीपीएसने. साडेदहाला भाचा सोफ्यावर कंट्रोलर हातात धरून झोपला होता. पडद्यावर २४ टक्के.

सकाळी दहाला तो बूट घालून टीव्हीसमोर उभा राहिला. ८६ टक्के. "मामा, राहू दे, पुढच्या वेळी," असं म्हणाला. रडला वगैरे अजिबात नाही. रडला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता इथे "आमच्या काळी कसं" हे आलंच पाहिजे. मी आठ वर्षांचा असताना बाबांनी एक व्हिडिओ गेम आणला होता. निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये जो फॅमिकॉम काढला, त्याच्या नकलेची नक्कल. सोबत "९९९९ इन १" लिहिलेलं पिवळं कार्ट्रिज, ज्यात तेच ते चाळीस-पन्नास गेम्स नावं बदलून येत. मागे दोन वायरी लावल्या, कार्ट्रिज खुपसलं, बटण दाबलं, आणि मारिओ समोर हजर. बाबांना ह्यातलं काहीही कळत नव्हतं, तरी पाच मिनिटांत ते माझ्याशी हरत होते.

ह्यात जादू नव्हती. कार्ट्रिज म्हणजे एका पट्टीवर बसवलेली मेमरीची चिप. ती खाचेत बसली की प्रोसेसर थेट तिच्यातूनच वाचायला लागतो. उतरवणं नाही, साठवणं नाही. मारिओचा तो अख्खा गेम ४० केबीचा! आमचा ५८ जीबीचा नुसता अपडेट त्याच्या साधारण साडेचौदा लाख पट. (आणि कार्ट्रिजमध्ये फुंकर मारल्याने काही होत नसे, काढून परत घातल्याने पिना नीट टेकत. फुंकरीच्या ओलाव्याने उलट पिना खराबच होतात. बालपणाची एक श्रद्धा गेली, असो.)

पण मी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला नाही. पॅच नव्हते तेव्हाही घाईघाईत गेम्स निघत होतेच. १९८२ साली अटारीने "ई. टी." सिनेमावर गेम काढला. नाताळचा बाजार गाठायचा म्हणून तो जेमतेम साडेपाच आठवड्यांत लिहून घेतला. खेळाडू खड्ड्यात पडत राहायचे आणि तो दुरुस्त करून घरोघरी पाठवायची काही सोयच नव्हती. न खपलेली कार्ट्रिजेस १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोत अॅलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरली गेली, ती २०१४ साली उकरून काढली तेव्हा लोकांचा विश्वास बसला. तेव्हा अपडेट मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. चुका सुधारतात, सुरक्षितता वाढते.

माझं भांडण अपडेट मिळण्याशी नाही. अपडेटशिवाय काहीच न चालण्याशी आहे. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपण त्या एकच समजायला लागलोय.

हे असं का होतं, ते आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना बरोब्बर माहीत असतं. गेम पूर्ण झाला की तो "गोल्ड" झाला म्हणतात, म्हणजे ती प्रत डिस्क छापायला जाते. छपाई, खोकी, गोदाम, जहाज, दुकान ह्यात काही आठवडे जातात. पूर्वी ह्या आठवड्यांत टीम झोपा काढायची किंवा पुढच्या कामाला लागायची. आता त्याच गेमवर काम चालू राहतं आणि विक्रीच्या पहिल्याच दिवशी त्याचा पॅच येतो. कन्सोलचंही तेच. त्यातलं सॉफ्टवेअर कारखान्यातून निघालं त्या दिवसाचं असतं आणि खोका गोदामात महिनोन् महिने पडून असू शकतो.

इथवर ठीक. गडबड पुढे आहे. पॅच पाठवता येतो हे एकदा कळलं की "गोल्ड" ह्या शब्दाचा अर्थच पातळ होतो. डेडलाईन गाठायची ना, मग छापा आहे ते, उरलेलं पॅचमध्ये बघू. हे मी कुणाकडे बोट दाखवून बोलत नाहीये, मी स्वतः करतो. आमच्या अॅपबद्दल एकदा टेस्टिंगच्या मुलीने तिकीट टाकलं होतं, "पहिल्यांदा उघडताना नेट नसेल तर नुसता पांढरा स्क्रीन दिसतो." मी त्यावर "एज केस" असं लिहून तिकीट बंद केलं. आजकाल नेट कुणाकडे नसतं! रविवारी सकाळी माझी एज केस बूट घालून टीव्हीसमोर उभी होती.

आणि आमच्याकडे निदान ब्रॉडबँड तरी आहे. ताईकडे साताऱ्याला सगळा कारभार मोबाईलच्या रोजच्या २ जीबीवर. हाच खोका तिने तिथे उघडला असता तर ५८ जीबीला २९ दिवस लागले असते, तेही घरात बाकी कुणी एकही व्हिडिओ न बघता.

"आता तंत्रज्ञानच असं आहे, इलाज नाही" हे म्हणणं मला पटत नाही. २०१३ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला तेव्हा त्याने दर २४ तासांतून एकदा सर्व्हरला हजेरी द्यायची अशी अट होती. लोकांनी इतका आरडाओरडा केला की जूनमध्येच ती अट मागे घेतली. म्हणजे तो निसर्गनियम नव्हता, मीटिंगमध्ये घेतलेला निर्णय होता, आणि तो महिन्याभरात बदलता आला. (तरी नोव्हेंबरमध्ये कन्सोल बाजारात आला तेव्हा सुरुवातीला एकदा नेटवरून अपडेट घेणं भाग होतंच.) दुसरीकडे २००६ चा निन्टेंडो वी बघा. जपान वगळता बहुतेक देशांत त्याच्या खोक्यातच वी स्पोर्ट्सची डिस्क असायची. जोडा आणि आजीसकट सगळ्यांनी बोलिंग खेळा. तेव्हाही अपडेट होतेच की!

वारं मात्र उलट्या दिशेने वाहतंय. प्लेस्टेशन ५ च्या नव्या मॉडेलचा डिस्क ड्राईव्ह सुटा मिळतो, तो पहिल्यांदा कन्सोलशी जुळवायला इंटरनेट लागतं. २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ आला, त्याच्या काही गेम्सच्या कार्डात गेम नसतोच, फक्त किल्ली असते. गेम नेटवरून उतरवायचा. आता विचार करा, ज्या सर्व्हरवर हे सगळं अवलंबून आहे तो कायम राहणार आहे का? युबिसॉफ्टने "द क्रू" ह्या गेमचे सर्व्हर २०२४ च्या मार्चअखेर बंद केले आणि विकत घेतलेला गेम एकट्याने खेळण्यापुरताही उरला नाही. बाबांचं पिवळं कार्ट्रिज माळ्यावर आहे आणि परवा लावून बघितलं तर चाललं. आजचा खोका माळ्यावरून वीस वर्षांनी काढला तर त्याला आधी कुणाची तरी परवानगी घ्यावी लागेल, आणि ती देणारं तिथे कुणी नसेल. औषधाच्या पाकिटावर एक्सपायरी छापावी लागते, इथे ती असूनही छापलेली नसते.

माझ्या मागण्या फार नाहीत. खोक्यावर बारीक अक्षरात "इंटरनेट आवश्यक असू शकते" असं लिहिण्याऐवजी मोठ्या अक्षरात किती जीबी ते लिहा. डिस्क घातली की तिच्यावर जे आहे ते खेळू द्या, भले दोन चुका असतील. अपडेट मागून येऊ दे. आणि पहिल्या दिवशी नेट नसलं तरी चालेल असा एक छोटा खेळ आतच ठेवा. १ टीबीच्या स्टोरेजमध्ये ४० केबीला जागा नाही असं कुणी म्हणू नये.

आणि तुम्ही कुणा पोराला कन्सोल भेट देणार असाल तर एक फुकटचा सल्ला. आदल्या रात्री गुपचूप खोका उघडा, खाती-अपडेट सगळं उरकून घ्या, आणि परत सेलोटेप लावून ठेवा. फसवणूक आहे खरी, पण ह्या फसवणुकीत कुणाचंच नुकसान नाही.

रविवारी दुपारी गेम सुरू झाल्यावर मी ताईला फोन लावला. भाच्याने फोन घेतला. "झालं का?" "झालं." दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "मामा, तू खेळू नकोस हां. मी दिवाळीत येतो." मी कन्सोल बंद केला. दिवाळीपर्यंत दर शनिवारी तो चालू करून अपडेट तेवढे घेणार आहे, खेळणार नाही.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर ते तिकीट शोधून परत उघडलं. मॅनेजर म्हणाला, पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू. ह्या वेळी मी नाही म्हटलं.