सोडत संगणकाची, पण बीज कुणाचे?

"लेकराचा नंबर लागला नाही, नशिबातच नव्हते!" आरटीईची सोडत झाली की आपल्या वस्त्यांत हे वाक्य हमखास ऐकू येते. शिक्षण हक्क कायदा, २००९ ने खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना दिल्या. अर्ज जास्त आले की निवड ऑनलाइन सोडतीने होते. दैववाद नाकारणाऱ्या बाबासाहेबांचे आम्ही अनुयायी. मग संगणकाच्या दैवापुढे मान का तुकवावी?

मित्रांनो, संगणकाला नशीब नसते, गणित असते. पायथॉन भाषेतील 'रँडम' हे मॉड्यूल 'मर्सेन ट्विस्टर' नावाच्या सूत्रावर चालते. त्याला सुरुवातीला एक संख्या लागते, तिला 'सीड' म्हणजे बीज म्हणतात. random.seed(१४) असे बीज देऊन तोच प्रोग्राम हजार वेळा चालवा, हजारही वेळा तेच आकडे त्याच क्रमाने येतील. कारणाशिवाय कार्य नाही, हे तथागतांनी सांगितलेच आहे.

आणि जिथे कारण आहे, तिथे कुणाचा तरी हात पोहोचू शकतो. अमेरिकेत लॉटरी संघटनेचा माहिती-सुरक्षा प्रमुख एडी टिप्टन याने आकडे काढणाऱ्या प्रोग्राममध्येच चोरवाट ठेवली होती. वर्षातील ठरावीक दिवशी येणारे आकडे त्याला आधीच हेरता येत. २०१७ साली त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

कुणी म्हणेल, पायथॉनमध्येच 'सीक्रेट्स' मॉड्यूल आहे, त्याचे आकडे हेरता येत नाहीत. खरे आहे. पासवर्डसाठी तेच वापरावे. पण सोडतीला तेवढे पुरत नाही. तिथे निकाल पुन्हा काढून तपासता आला पाहिजे.

इथल्या सोडतीत घोटाळा झाला, असा आरोप आम्ही करत नाही. आम्ही पुरावा मागतो. अर्जांची क्रमवार यादी, नावे झाकून, सोडतीआधी जाहीर करा. प्रोग्राम खुला करा. आणि बीज शेवटी, पालकांसमोर फासे टाकून ठरवा. मग कोणताही पालक तोच प्रोग्राम चालवून निकाल पडताळू शकेल.

पायथॉन शिकलेल्या तरुणांनो, वस्तीतल्या विहारात लॅपटॉप उघडा. एकच बीज दोनदा देऊन दाखवा. ज्या माउलीने नशिबाला दोष दिला, तिला कळू द्या की हा आकडा कपाळावर लिहिलेला नव्हता. तो प्रोग्राममध्ये लिहिलेला होता, आणि तो वाचण्याचा हक्क तिचा आहे.

जय भीम!